हेलन केलर यांच्या आत्मचरित्रातील भाषाविचार

हेलन केलर यांचे ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १९०३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात लेखिकेचे स्वतःचे निवेदन आहे. दुसऱ्यात तिने १८८७ पासून १९०१ पर्यंत लिहिलेली पत्रे आहेत. तिसऱ्यात संपादक जॉन मेसी यांचे विवेचन असून, शिक्षिका ॲनी सलिव्हन यांनी बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेतील आपल्या स्नेही सोफिया हॉपकिन्स यांस लिहिलेल्या पत्रांतील दीर्घ उतारे त्यातच समाविष्ट केलेले आहेत. पुढे निघालेल्या अनेक स्वस्त आवृत्त्यांनी पहिला भाग तेवढा ठेवला व बाकीचे वगळले. वाङ्मयाच्या दृष्टीने ही काटछाट समजण्यासारखी आहे. भाषाशास्त्राच्या व शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिने मोठीच हानी केली, असे माझे मत आहे. कारण या एका ग्रंथात भाषेविषयीच्या दोन उपपत्ती एकमेकींशेजारी नांदत आहेत. त्यांपैकी जी अधिक नाट्यमय ती लोकप्रिय झाली. जी अधिक खरी ती वगळलेल्या पानांत राहून गेली. श्रवण व दृष्टी गमावलेल्या बालकांच्या शिक्षकाला यांपैकी कोणती उपपत्ती द्यावयाची, हा प्रश्न केवळ ग्रंथचिकित्सेचा नाही.

लोकप्रिय उपपत्ती सर्वांस ठाऊक आहे. हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया येथे झाला. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात आलेल्या दुखण्याने तिची दृष्टी व श्रवणशक्ती ही दोन्ही गेली. ३ मार्च १८८७ रोजी सलिव्हनबाई तिच्या घरी आल्या आणि तिच्या तळहातावर बोटांच्या वर्णमालेने शब्द लिहू लागल्या. मुलगी बोटांचे अनुकरण करी, परंतु अर्थ तिला उमगत नसे. मग ५ एप्रिल रोजी पंपाजवळ एका हातावर पाण्याची धार पडत असता दुसऱ्या हातावर ‘वॉटर’ ही अक्षरे लिहिली गेली आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे रहस्य तिला एका क्षणात कळले. विल्यम गिब्सन यांच्या ‘द मिरॅकल वर्कर’ या नाटकाने व त्यावरून निघालेल्या १९६२ च्या चित्रपटाने या प्रसंगालाच कळस मानले. २००५ साली आलेल्या ‘ब्लॅक’ या हिंदी चित्रपटाचे बीजही तेच. भाषा म्हणजे नावांचा संग्रह आणि भाषाप्राप्ती म्हणजे एका क्षणी उघडणारे कुलूप, ही कल्पना यातून जनमानसात रुजली.

आता तिसऱ्या भागातील पत्रे उघडून पाहावीत. पहिली गोष्ट अशी की, ३१ मार्च रोजी हेलनला येत असलेल्या शब्दांची यादी सलिव्हनबाईंनी दिली आहे. तीत अठरा नामे व तीन क्रियापदे आहेत आणि त्या अठरा नामांत ‘वॉटर’ हे नाम आहे! म्हणजे पाच दिवसांनंतर ज्या शब्दाचा ‘साक्षात्कार’ झाला, तो शब्द बोटांना आधीच येत होता. दुसरी गोष्ट, ५ एप्रिलच्या पत्रात अडचण सांगितली आहे ती ‘मग’ (पेला) व ‘मिल्क’ (दूध) या दोन शब्दांच्या घोटाळ्याची. यांपैकी कोणताही शब्द लिहिताना हेलन पिण्याचा अभिनय करी. केलरबाईंच्या निवेदनात मात्र घोटाळा ‘मग’ व ‘वॉटर’ यांचा आहे. तिसरी गोष्ट, पत्राप्रमाणे पंपाजवळ मुलीच्या हातात पेला होता, तो धारेखाली भरला आणि मग तिच्या हातून पडला. निवेदनात पेला नाही, केवळ धारेखाली धरलेला हात आहे. या विसंगतींवरून कोणाला खोटे ठरवावयाचे नाही. बाविशीत लिहिणाऱ्या लेखिकेने सातव्या वर्षाची स्मृती सांगताना ती शुद्ध करून घेतली, अनावश्यक तपशील गाळला आणि प्रसंगाला एकच केंद्र दिले. कोणताही चांगला गद्यलेखक हेच करील. परंतु गाळलेल्या तपशिलातच शास्त्रीय मुद्दा आहे. ‘मग’ व ‘मिल्क’ यांचा घोटाळा हा नामांचा घोटाळा नव्हे. पेला, दूध आणि पिणे ही एकाच व्यवहाराची तीन अंगे आहेत, आणि मुलीच्या मनात तो व्यवहार अखंड होता. तिच्या बोटांवर आलेले ‘मिल्क’ हे नाम नसून ‘मला प्यावयाचे आहे’ असे एक संपूर्ण वाक्य होते. पंपाजवळ तिला वस्तूचे नाव मिळाले, हे अर्धेच सत्य आहे. तिच्या अखंड वाक्याचे अवयव सुटे झाले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

शिवाय ती कोरी पाटी कधीच नव्हती. दुखण्यापूर्वी शिकलेल्या पाणी या अर्थाच्या शब्दाचा ‘वा-वा’ असा अवशेष आपल्या तोंडी राहिला होता, असे केलरबाईंनीच लिहिले आहे. त्याखेरीज घरगुती खुणा होत्या. ओढणे म्हणजे ‘ये’, ढकलणे म्हणजे ‘जा’, पाव हवा असेल तर काप करून लोणी लावण्याचा अभिनय. आइस्क्रीम हवे असेल तर यंत्र फिरवण्याची खूण आणि तिच्यामागोमाग थंडीने शहारणे. या शेवटच्या उदाहरणाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. क्रिया व परिणाम अशा दोन खुणा ठरावीक क्रमाने जोडून केलेली ही रचना आहे. स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन हिला या खुणा समजत, म्हणजे दोन व्यक्तींत संकेतही रूढ झाला होता. कर्णबधिर बालके भाषेचा कोणताही नमुना समोर नसताना अशा घरगुती खुणांना रचना देतात, हे सूझन गोल्डिन-मेडो यांच्या दीर्घ संशोधनाने पुढे दाखवून दिले. त्या संशोधनानंतर केलर यांच्या पहिल्या प्रकरणांतील हा भाग नव्याने वाचावा लागतो.

तथापि सलिव्हनबाईंच्या पत्रव्यवहारातील खरे महत्त्वाचे पत्र ५ एप्रिलचे नसून १० एप्रिलचे आहे. सर्व वस्तूंना नावे असतात हे हेलनला कळले, असे उत्साहाने लिहिणाऱ्या बाईंनी पाचच दिवसांत नियमित पाठ बंद करण्याचा निर्णय घेतला. हेलनची पंधरा महिन्यांची एक चुलत बहीण त्या न्याहाळत होत्या. ते मूल स्वतः बोलण्यापूर्वीच पुष्कळ समजून घेते, आणि त्याच्याशी कोणी सुट्या शब्दांत बोलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. यापुढे हेलनच्या तळहाताशी आपण बाळाच्या कानाशी बोलावे तसे बोलू. पूर्ण वाक्ये वापरू. जेथे अर्थ पोचणार नाही तेथे तिच्याच खुणांची जोड देऊ. आणि उत्तराची घाई करणार नाही, असे त्यांनी ठरवले. मे महिन्यातील एका पत्रात तर त्यांनी शिक्षणाच्या सर्वच कृत्रिम पद्धतींविषयी संशय व्यक्त केला आहे. भाषाशास्त्राचे कोणतेही शिक्षण नसलेल्या वीस वर्षांच्या स्त्रीने हे लिहावे, याचे नवल वाटते.

आपल्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे एका जुन्या वादाची आठवण होईल. बालकाला शब्दार्थाचे ज्ञान कसे होते, याची चर्चा मीमांसकांनी वृद्धव्यवहाराच्या आधारे केली आहे. एक वडीलधारा दुसऱ्यास ‘गाय आण’ असे सांगतो. तो गाय आणतो. जवळचे मूल हे ऐकते व पाहते. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये ऐकून, कोणता शब्द आला व कोणता गेला आणि त्याबरोबर कृतीत काय बदलले हे ताडून, ते एकेका पदाचा अर्थ वेगळा काढते. यालाच आवापोद्वाप म्हणतात. या प्रक्रियेवरून प्रभाकराच्या अनुयायांनी असा निष्कर्ष काढला की, पदाचा अर्थ मूलतः वाक्यातील अन्वयासहच कळतो. सुटी पदे आधी व अन्वय मागाहून, हे कुमारिलाच्या पक्षाचे म्हणणे. अर्थविचार म्हणून या दोन पक्षांचा निर्णय करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु भाषाप्राप्तीपुरते बोलावयाचे तर सलिव्हनबाई ५ एप्रिल रोजी कुमारिलाच्या जवळ होत्या आणि १० एप्रिल रोजी प्रभाकराच्या बाजूला गेल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

वृद्धव्यवहाराच्या या वर्णनात आणखी एक गोष्ट गृहीत आहे: मूल तिऱ्हाईत आहे. बोलणे त्याच्याशी चाललेले नसते. ते बाजूला बसून दुसऱ्यांचे ऐकते व पाहते. डोळस व ऐकत्या बालकाची बरीचशी भाषा अशी वाटेत पडलेली त्याने उचललेली असते. अंध बालकाला ऐकू येते, पण ‘गाय आण’ म्हटल्यावर काय आणले हे दिसत नाही. कर्णबधिर बालकाला आणलेली गाय दिसते, पण वाक्य ऐकू येत नाही. दोन्ही गमावलेल्या बालकाला कोणी त्याचा हात हाती घेऊन सांगितल्यावाचून जगात काही बोलले गेले हेच कळत नाही. म्हणून त्याच्या शिक्षणात किती शब्द शिकवले यापेक्षा, दिवसातील किती व्यवहार त्याच्या हातापर्यंत पोचला हे मोजले पाहिजे. ‘विचार करणे’ हा शब्द हेलनला कसा मिळाला ते पाहावे. लहानमोठे मणी ठरावीक क्रमाने ओवताना ती चुकत होती व चूक सुधारण्यासाठी थबकली होती. त्या क्षणी शिक्षिकेने तिच्या कपाळाला स्पर्श करून तो शब्द तळहातावर लिहिला. अमूर्त शब्दाचा अर्थ येथे व्याख्येने आलेला नाही. तो घडत असलेल्या क्रियेत बसवून दिलेला आहे.

या दोन उपपत्तींची पूर्वपीठिका पर्किन्स संस्थेतच सापडते. १८३७ साली तेथे आलेल्या लॉरा ब्रिजमन या बधिरांध मुलीला डॉ. सॅम्युअल हौ यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून भाषा शिकवण्यास आरंभ केला आणि अर्थ एकाएकी उमगल्याच्या क्षणाचे वर्णनही त्यांनी आपल्या अहवालांत केले. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४२ च्या प्रवासवर्णनाने ते जगभर गेले. सलिव्हनबाईंनी टस्कंबियाला जाण्यापूर्वी हे अहवाल वाचले होते. हेलनसाठी नेलेल्या बाहुलीचे कपडेही लॉरानेच शिवलेले होते. पंपाजवळचा प्रसंग खरा असला, तरी त्याच्या कथनाचा साचा पन्नास वर्षे आधी तयार झालेला होता, हे समीक्षकाने विसरता कामा नये. चिठ्ठीची पद्धत मात्र सलिव्हनबाईंनी मागे टाकली, आणि यातच त्यांची थोरवी आहे.

या पद्धतीची फार मोठी किंमत हेलनला पुढे द्यावी लागली. १८९१ च्या शरद ऋतूत, अकराव्या वर्षी, तिने ‘द फ्रॉस्ट किंग’ ही छोटी कथा लिहून पर्किन्सचे प्रमुख मायकेल अनाग्नोस यांस वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापली गेली आणि थोड्याच काळात तिचे मार्गारेट कॅन्बी यांच्या ‘द फ्रॉस्ट फेअरीज’ या कथेशी विलक्षण साम्य असल्याचे उघड झाले. १८८८ च्या उन्हाळ्यात हॉपकिन्सबाईंच्या घरी असताना हे पुस्तक हेलनच्या हातावर वाचले गेले असावे. तिला स्वतःला त्याची काहीच आठवण नव्हती. १८९२ साली संस्थेच्या आठ जणांच्या मंडळाने त्या मुलीची चौकशी केली आणि त्या वेळी सलिव्हनबाईंना खोलीबाहेर जाण्यास सांगण्यात आले. आत्मचरित्रातील हे प्रकरण मला पंपाच्या प्रकरणाहून श्रेष्ठ वाटते. त्यात लेखिका स्वतःच्या प्रतिभेची बाजू मांडीत नाही. वाचलेले कोठे संपते व आपले कोठे सुरू होते हे आपणास अजूनही सांगता येत नाही, असे ती मोकळेपणाने सांगते. वस्तुतः चौकशी मुलीची नव्हती. ती वाक्यांतून भाषा देणाऱ्या पद्धतीचीच होती. पूर्ण वाक्ये ऐकून भाषा शिकणारे प्रत्येक मूल दुसऱ्यांची वाक्ये उचलते. ऐकत्या मुलाला ती हजार तोंडांतून मिळतात, म्हणून उसनवारी लपते. हेलनला ती मोजक्या हातांतून व मोजक्या पुस्तकांतून मिळाली, म्हणून ती उघडी पडली. भाषेची आवक अरुंद असणे हा तिचा दोष नव्हता.

हाच आक्षेप पुढे शास्त्रीय भाषेत मांडला गेला. फ्रेंच विद्वान पिएर व्हिले यांनी १९१४ साली आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस कट्सफर्थ यांनी १९३३ साली केलर यांच्या लेखनातील रंगांची व प्रकाशाची वर्णने पोकळ शब्द म्हणून गणली. दोघेही स्वतः अंध होते, म्हणून त्यांच्या टीकेला वजन आले. अंधशाळांमधून डोळस शब्दांची पोपटपंची करवून घेतली जाते आणि मुलाच्या स्वतःच्या स्पर्शानुभवाची हेटाळणी होते, ही कट्सफर्थ यांची तक्रार रास्त आहे व ती आजही शिक्षकांनी वाचावी. परंतु तिच्यामागील भाषाविचार मला मान्य नाही. शब्दाचा अर्थ म्हणजे त्यामागची इंद्रियसंवेदना, असे त्यांनी धरून चालले आहे. बार्बरा लँडाउ व लीला ग्लाइटमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील जन्मांध बालिकेला ‘वर पाहा’ असे सांगितले असता तिने मान वर केली नाही, हात वर केले. ‘नुसता स्पर्श कर’ आणि ‘पाहा’ यांतील भेदही तिला कळत होता. पाहणे म्हणजे तिच्या लेखी हातांनी शोध घेणे. शब्द पोकळ नव्हता. त्याने तिच्या इंद्रियाशी जुळवून घेतले होते. रंगांविषयी जन्मांध प्रौढांचे ज्ञानही निव्वळ पाठांतर नसून त्यांना रंगाच्या कार्यकारणाची डोळसांसारखीच समज असते, असे मरीना बेड्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवले आहे.

मराठी भाषकाला तर यासाठी प्रयोगशाळेची गरजच पडू नये. आपण ‘चाखून बघ’, ‘हात लावून बघ’, ‘विचारून बघतो’ असे सर्रास म्हणतो. या रचनांत ‘बघणे’ डोळ्यांपासून केव्हाच सुटले आहे. एखादा अंध विद्यार्थी ‘मी ते पुस्तक वाचून बघितले’ म्हणाला तर त्याने उसना शब्द वापरला, असे कोण म्हणेल?

मराठीचा उल्लेख आला आहे तर मुख्य मुद्द्याची कसोटी तिच्यावरच घ्यावी. नामांच्या यादीने भाषा शिकवण्याची पद्धत इंग्रजीत निदान काही काळ निभावते, कारण तेथे ‘वॉटर’ हा शब्द वाक्यात गेला तरी बहुधा ‘वॉटर’च राहतो. मराठीत ‘पाणी’ वाक्यात शिरले की ‘पाण्यात’, ‘पाण्याने’, ‘पाण्याला’ होते. ‘मूल’ ‘मुलाला’ होते, ‘घोडा’ ‘घोड्यावर’ जातो. आपले सामान्यरूप यादीत कधीच दिसत नाही. जे मूल दिवसभर ऐकत असते त्याला ‘पाणी’ व ‘पाण्यात’ यांचे नाते कोणी सांगावे लागत नाही. ज्या मुलाला वस्तूगणिक एक चिठ्ठी मिळते, त्याच्या दृष्टीने हे दोन निराळे शब्द आहेत. भारती ब्रेलमध्ये हा भेद बोटांना किती मोठा लागतो पाहा. ‘पाणी’ला प, आ, ण, ई अशी चार घरे लागतात. ‘पाण्यात’ला सात, आणि त्यांपैकी हलन्ताचे घर जोडाक्षरातील व्यंजनाच्या आधी येते. (ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने लिहिला जातो. देवनागरीला न साधलेली ही सरळ वाट सहा ठिपक्यांनी साधली आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) सारांश, वाक्यातून शब्दाकडे जाण्याचा सलिव्हनबाईंचा मार्ग इंग्रजीत शहाणपणाचा असेल, मराठीत तो अपरिहार्य आहे.

आपल्याकडे या विषयाचा इतिहास अगदीच लहान नाही. केलरबाई १९५५ साली भारतात येऊन गेल्या. बेरोज वच्छा यांनी १९७७ साली मुंबईत कर्णबधिर व बधिरांध मुलांसाठी त्यांच्याच नावाची संस्था सुरू केली. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियमन १९९२ च्या कायद्याने स्थापलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने बधिरांधत्वाचा निर्देश बहुविध दिव्यांगत्वात केला आणि अंध, बधिर अथवा दोन्ही असलेल्यांना त्यांस सर्वांत योग्य अशा भाषांतून व संपर्कसाधनांतून शिक्षण मिळावे असे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर घातले. ‘सर्वांत योग्य भाषा’ हे शब्द कायद्यात आले खरे. पण ती कोणती, याचे उत्तर कायदा देऊ शकत नाही. प्रशिक्षणाच्या शाखा सामान्यतः इंद्रियांप्रमाणे पाडलेल्या आहेत, श्रवणाची एक, दृष्टीची एक. भाषा या वाटणीत बसत नाही. श्रवणयंत्र कसे बसवावे आणि ब्रेल कसे वाचवावे हे शिकलेल्या शिक्षकाला मुलाशी दिवसभर काय व कसे बोलावे हेही शिकवले पाहिजे, आणि ते शिकवण्याचे दायित्व भाषाशास्त्राच्या विभागांचे आहे असे मी मानतो.

सलिव्हनबाईंच्या पद्धतीचीही मर्यादा सांगितली पाहिजे. हेलनच्या खुणा त्यांनी पूरक म्हणून वापरल्या, आणि शब्द येताच त्या गळून पडल्या याचा त्यांना आनंद झाला. ज्या वर्षी हेलन जन्मली त्याच वर्षी मिलान येथील परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणातून खूणभाषा हद्दपार करण्याचा ठराव केला होता. आत्मचरित्र अर्पण झाले आहे ते त्या मताचे थोर पुरस्कर्ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांस. त्या काळात खुणांना भाषा मानणे कठीणच होते. आज चित्र बदलले आहे. सिअ‍ॅटल येथील बधिरांध मंडळींत २००७ पासून आकारास आलेल्या ‘प्रोटॅक्टाइल’ या स्पर्शभाषेत स्पर्शावर आधारलेली स्वतंत्र वर्णव्यवस्था रूढ होत असल्याचे टेरा एडवर्ड्स व डायान ब्रेन्तारी यांनी २०२० साली सप्रमाण मांडले. म्हणजे हात हा यापुढे केवळ दुसऱ्याची भाषा पोचवण्याचा मार्ग राहिलेला नाही.

मराठी घरातील बधिरांध बालकाची, सलिव्हनबाईंनी ठेवली तशी दिनवार नोंद आपल्या विभागातील एखाद्या संशोधकाने ठेवावी. पालकांच्या संमतीने व शिक्षकाच्या सहकार्याने दोन वर्षे हे काम चालावे. त्यात मुलाला किती शब्द येतात याची यादी दुय्यम असावी. कोणते वाक्य त्याच्या हातावर कोणत्या प्रसंगी लिहिले गेले, त्याने ते किती दिवसांनी व कोणत्या रूपात परत केले, स्वतःच्या कोणत्या खुणा त्यात मिसळल्या, आणि ‘पाणी’ आधी आले की ‘पाण्यात’, एवढे तारखेनिशी टिपले जावे.